एका मूळ संख्येचे संमेलन

आमच्या शाळेच्या गणित मंडळाचे वार्षिक संमेलन दर वर्षी एकाच संख्येभोवती भरत असे. संख्या आधी जाहीर होई, माजी विद्यार्थी टिपणे काढून येत आणि दिवसभर फळा मोकळा राहत नसे. त्यांतले मला सर्वांत प्रिय संमेलन २,१४,७४,८३,६४७ या संख्येचे, म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचे होते.

घातांक मूळ असला म्हणून अशी संख्या मूळ असतेच असे नाही, हे बाईंनी आरंभीच दाखवले. घातांक ११ घेतला तर २०४७ येतात आणि ते २३ व ८९ यांचा गुणाकार आहेत. त्यामुळे तपासणी अटळ होती. सरळ मार्गाने वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागायचे, तर असे भागाकार साडेचार हजारांहून अधिक होतात. गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, ही संख्या मूळ असल्याचे दाखवले, ते मात्र यातले बहुतेक भागाकार न करताच.

त्यांचा विचार फळ्यावर उलगडत गेला तो तास मी कधीही विसरणार नाही. या संख्येला एखादा मूळ विभाजक असेलच, तर फर्माच्या प्रमेयानुसार त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, आणि त्या विभाजकाने भागल्यावर बाकी २ देणारी एखादी वर्गसंख्या असतेच, त्यामुळे त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या मूळ संख्याच तेवढ्या शिल्लक राहतात. त्यांतली पहिली ३११! तिच्याआधीच्या साऱ्या मूळ संख्या एकही भागाकार न करता बाद झाल्या, याचा आनंद सभागृहात स्पष्ट दिसत होता. ३११ ने भागल्यावर बाकी ३५ उरली. त्यानंतर थेट १३०३, मग १४८९. पुढचे भागाकार आम्ही गटागटांनी वाटून घेतले आणि बाकी शून्य कुठेच आली नाही.

दुपारी हीच संख्या २ च्या ३० व्या घाताने गुणून २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळवली. तिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते, आणि हे जमते ते आमची संख्या मूळ असल्यामुळेच, कारण तिचे १ व ती स्वतः हे दोनच विभाजक मिळून २ चा ३१ वा घात नेमका पुरा करतात. ही सिद्धता संपताच सातवीतल्या एका मुलीने विचारले, की विषम परिपूर्ण संख्या असते का? याचे उत्तर आजही कोणाला सापडलेले नाही, हे बाईंनी सांगितले आणि पुढच्या वर्षीचा विषय तिथेच ठरला.