शिवालिकच्या वलींमध्ये जपलेला हिमालयाचा इतिहास

डोंगर जसजसा उचलला जातो तसतसा तो झिजतही जातो, आणि म्हणून आपल्या सुरुवातीच्या काळाचे बहुतेक पुरावे तो स्वतःच नष्ट करतो. हे पुरावे गाळाच्या रूपाने पायथ्याच्या खोऱ्यात साचतात. हिमालय समजून घ्यायचा असेल तर शिखरांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक लक्ष शिवालिकच्या बुटक्या टेकड्यांकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

हिमालयाच्या भाराने भारतीय भूपट्ट वाकला आणि पर्वताच्या दक्षिणेला एक लांबट खोलगट पट्टा तयार झाला. त्यात सुमारे 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीपासून नद्यांनी जो गाळ आणून टाकला, तोच आजचा शिवालिक. त्याच्या तळाशी मुख्यतः चिखलाचे व बारीक वाळूचे थर आहेत, मध्यभागी जाड वालुकाश्म आणि सर्वांत वर गोट्यांनी भरलेला पिंडाश्म. पर्वताची कड खोऱ्याकडे सरकत आली, हा या वाढत्या भरडपणाचा सरळ अर्थ; पण हवामान बदलल्यानेही गाळ भरड होऊ शकतो, म्हणून केवळ दाण्यांच्या आकारावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही.

अधिक भक्कम साक्ष वाळूतील जड खनिजे देतात. खालच्या शिवालिकमध्ये स्टॉरोलाइट, मधल्या भागात कायनाइट आणि वरच्या भागात सिलिमनाइट ठळकपणे दिसू लागते. ही खनिजे जमिनीखाली क्रमाने अधिक तीव्र तापमान व दाबाच्या परिस्थितीत तयार होतात. त्यामुळे, डोंगराची झीज होत असताना अधिकाधिक खोलवर घडलेले खडक उघडे पडत गेले, याची नोंद खोऱ्यात खालून वर अशा क्रमाने झाली आहे. थरांचे वय ठरवताना, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कधी उलटली याच्या त्यांत टिकलेल्या खुणा उपयोगी पडतात. अशी शेवटची उलटापालट सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची आहे.

पुढे ही नोंदवहीच दुमडली गेली. सहारनपूरहून देहरादूनला जाताना मोहंडपाशी रस्ता एका मोठ्या अपनतीला, म्हणजे कमानीसारख्या वर उचललेल्या वलीला, छेदतो. तिथले थर ईशान्येकडे कललेले असल्याने देहरादूनच्या दिशेने जावे तसे आपण मधल्या शिवालिकच्या वालुकाश्मातून वरच्या, तरुण पिंडाश्मात येतो. सह्याद्रीतील बेसाल्टचे जवळजवळ आडवे थर पाहत वाढलेल्या माणसाला हा कल फार अनोळखी वाटतो, कारण सह्याद्री हा वलीपर्वत नाही.

वली केव्हा पडली, याचे उत्तर साध्या तर्काने मिळते: सर्वांत तरुण कललेल्या थरानंतर आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर आडव्या पसरलेल्या गोट्यांच्या आधी. मोहंडची टेकडी उचलली जात असताना उत्तरेकडून येणारा गाळ तिच्या मागे अडला आणि त्यातून दूनचे खोरे भरत गेले. ज्या प्रणोदामुळे, म्हणजे एका बाजूचे खडक दुसऱ्या बाजूच्या खडकांवर सरकवणाऱ्या भेगेमुळे, ही वली उचलली जाते, तो हिमालयाच्या अगदी पुढच्या कडेचा भ्रंश आजही सक्रिय आहे.

आता याच टेकड्या झिजून त्यांचे गोटे आणि वाळू गंगेच्या मैदानात जात आहेत, त्यामुळे तिथल्या गाळात सापडणारा कायनाइटचा कण थेट उंच हिमालयातून आला की शिवालिकमध्ये लाखो वर्षे थांबून आला, हे आधी तपासावे लागते.