तारीख बघून सांगतो

रात्रीचे दीड वाजलेत. झोप येत नाही म्हणून लिहितोय, बाकी विशेष काही नाही.

दुपारी पम्याचा फोन आला होता. मी गाळ्यात केबल गुंडाळत बसलेलो, विसर्जनानंतर केबलींचा जो काही गुंता होतो तो सोडवण्यातच आख्खा पंधरवडा जातो दरवर्षी. पम्या बोलला, परळच्या कॅन्सरवाल्या पोरांसाठी परत एक प्रोग्रॅम करशील का, अर्धा-पाऊण तास, जुनंच कर काहीतरी. आणि मी बोललो, तारीख बघून सांगतो.

बस, एवढंच झालंय.

आता हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलतो. ज्याला साउंड द्यायचा नसतो, ज्याची मागची उधारी असते, जो भाव पाडायला फोन करतो, त्या सगळ्यांना हेच. पण पितृपक्षात? पितृपक्षात साउंडवाल्याकडे कसली आलीय तारीख? डायरीची पानं कोरी आहेत, टॉप आणि बेसचे स्पीकर भिंतीला टेकून झोपलेत, नवरात्र लागेपर्यंत कुत्रं फिरकत नाही गाळ्याकडे. आणि हे पम्याला माहीत नाही असं पण नाही, चार सीझन माझ्याच टेम्पोत बेस चढवत होता तो. तो फक्त "बरं" बोलला. चार शिव्या घातल्या असत्या तर विषय संपला असता. "बरं" काय?

दिवसभर ते "बरं" डोक्यात. जेवताना पण. रेश्मा बोलली काय झालं, मी बोललो ॲसिडिटी.

मग रात्री आपल्या जुन्या कलाकारांच्या ग्रुपवर कोणीतरी एक क्लिप टाकली. ब्लॅक अँड व्हाइट, अमेरिकेतली. एक लांब नाकाचा माणूस कॉफीचा घोट घेतो, समोरचा काहीतरी बोलतो आणि ह्याच्या तोंडातून फुर्रर्र. टायमिंग असं की मी एकटाच अंधारात हसलो. आणि लगेच पोटात खड्डा, कारण हे तर माझं! माझा मिमिक्रीतला हवालदार हेच करतो, चहाचा घोट, साहेबांचा फोन, फुर्रर्र. वीस वर्षं समजत होतो की आपण शोधलंय. तर ह्याने माझ्या जन्माच्या आधीच करून ठेवलेलं. डॅनी थॉमस नाव. ग्रुपवर कोणाला माहीत नव्हता, म्हणून शोधत बसलो आणि तिथेच फसलो.

खरं नाव वेगळंच, एमॉस कैरूझ, आईबाप लेबनॉनचे, जन्म 1912. नाइट क्लबात कॉमेडी करायचा. पुन्हा क्लबात काम धरलं तेव्हा घरच्यांना कळू नये म्हणून दोन भावांची नावं जोडून हे नाव घेतलं म्हणे. हे वाचून बरं वाटलं. माझी आई अजून लोकांना सांगते पोराचा साउंडचा बिझनेस आहे. मिमिक्रीची पंधरा वर्षं ती गाळूनच टाकते, जशी काय मी जेलमध्ये होतो तेवढे दिवस.

तर ह्याची बायको गरोदर, दवाखान्याचं बिल कसं भरायचं पत्ता नाही. चर्चमध्ये गेला आणि खिशात होते ते शेवटचे सात डॉलर दानपेटीत टाकून आला. (हा वेडेपणा मी केला असता तर रेश्माने मला पण पेटीत टाकलं असतं.) दुसऱ्या दिवशी सातच्या दहापट पैशाचं काम आलं. पुढे पुन्हा धंदा बसला तेव्हा सेंट ज्यूडला नवसच बोलला. हा संत म्हणजे सगळ्यांनी हात टेकल्यावर ज्याच्याकडे जातात तो. मला वाट दाखव, तुझं देऊळ बांधीन. शब्द इंग्रजी असतील पण अस्सल आपल्यासारखा नवस आहे, जेजुरीला बोलतात तसा. देव म्हणजे पार्टी, आणि अर्धा ॲडव्हान्स देऊन मोकळा.

वाट सापडली. 1953 पासून अकरा सीझन चालली त्याची टीव्हीवरची मालिका. मग दुसऱ्यांच्या मालिका काढायला लागला, भागीदार धरून कंपन्या केल्या, मायामीच्या फुटबॉल टीममध्ये पण हिस्सा घेतला होता. म्हणजे कलाकाराचा पक्का शेठ झाला. आणि देवळाच्या जागी बांधलं काय, तर मेंफिसला लहान मुलांचं हॉस्पिटल. कॅन्सरसारख्या आजारांचं. 4 फेब्रुवारी 1962 ला उघडलं. पॉल विल्यम्स म्हणून काळा आर्किटेक्ट होता, त्याने फुकटात प्लॅन काढून दिला, आणि तिकडे तेव्हा काळ्यागोऱ्यांचे दवाखाने वेगळे असायचे तरी ह्यांनी पहिल्यापासून सगळ्या पोरांना घेतलं. आईबापाला बिलच येत नाही. औषधाचं नाही, प्रवासाचं नाही, राहण्याजेवणाचं पण नाही. पोरांना जो जास्त करून होतो तो ब्लड कॅन्सर, ए-एल-एल, त्यात तेव्हा शंभरातली चार वाचायची. आता तिथे चौऱ्याण्णव.

चार.

आक्काच्या वेळचं आज लिहीत नाही.

हां, तर नवस बोलला 1940 च्या आसपास आणि हॉस्पिटल उघडलं 62 ला. म्हणजे वीसेक वर्षं ह्याने पण तारीख बघून सांगतोच केलं ना! हे कळल्यावर मी खरं तर उठून पाणी प्यायलो, एवढं हलकं वाटलं. पण मग पुढे वाचलं. पैसे जमवायला हा आणि बायको गाडी घेऊन गावोगाव फिरायचे, आणि एकदा 32 दिवसांत 28 शहरं केली. 32 दिवसांत 28 तारखा! मी ऐन गणपतीत पण एवढ्या मारत नाही आणि माझ्याकडे दोन टेम्पो आहेत. नुसते सेलिब्रिटींचे चेक नाहीत, 1957 ला त्याच्यासारख्या अरब घरांतल्या शंभरेक लोकांना गोळा करून त्याने संस्था काढली, ज्या देशाने आपल्या आईबापाला घेतलं त्याचं देणं म्हणून. अजून तीच संस्था पैसे गोळा करते.

इथे मुंबईत पण सेंट ज्यूडच्या नावाची सेंटर आहेत, 2006 पासून, टाटाला आलेल्या पोरांना आईबापासकट फुकट राहायला देतात. संस्था वेगळी, संत तोच. आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा. गाडगेबाबा तरी काय, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून हसवायचे आणि धर्मशाळा बांधायचे, स्वतः मात्र तिथे राहायचे नाहीत. त्यांना कोणी कॉमेडियन म्हणणार नाही, पण टायमिंग होतंच.

बरं, माझा पण नवस आहे. पहिला मिक्सर कर्जावर घेतला त्या संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या गणपतीसमोर, मनातल्या मनात. वर्षातून एक नाइट फुकट. मोठ्याने बोललो नव्हतो म्हणून पम्याला पण माहीत नाही. पहिली दोन वर्षं केली. मग एक वर्ष चुकलं, मग लॉकडाउन, मग धंदा उभा करायचा होता, मग तारखा. लॉकडाउननंतर एकदाच केली, परळची, दोन वर्षांपूर्वी.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

त्या दिवशी आधीच सांगितलं होतं, पाणी-बिणी उडवायचं नाही, पोरांचे रक्तातले काउंट कमी असतात, इन्फेक्शन पटकन होतं. म्हणून हवालदार कोरडा केला. रिकामा कप, नुसती हवा, फुर्रर्र. सगळी पोरं मास्कमध्ये. स्टेजवरच्या माणसाला मास्क म्हणजे काय ते बाकीच्यांना नाही कळणार, आम्ही हशा ऐकून पुढचं वाक्य टाकतो आणि इथे हशा कापसातून आल्यासारखा. तिसऱ्या रांगेत एक सात-आठ वर्षांचा, डोक्यावर केस नाहीत, हाताला सुईची पट्टी, तो हात मांडीवर असा जपून ठेवलेला जसा काय दुसऱ्या कोणाचा आहे. मी आख्खा वेळ त्याच्याकडे बघून केलं. डोळे हलेनात. संपल्यावर आईचं बोट धरून पुढे आला आणि बोलला, काका, पण कपात चहाच नव्हता.

मी बोललो, पुढच्या वेळी खरा आणतो.

मागच्या वर्षी पम्याने विचारलं तेव्हा पण तारीख बघून सांगतोच बोललो होतो. आज परत. कारण पम्याला विचारावं लागेल, तो पोरगा आहे का अजून तिथे, की बरा होऊन गावाला गेला. आणि गावाला गेला असेल तर पम्या लगेच सांगेल. नाहीतर "बरं" बोलेल.

थॉमस 6 फेब्रुवारी 1991 ला गेला, हॉस्पिटलचा वाढदिवस करून दोन दिवसांनी. त्यालाही कोणी विचारलं असेल का, की अमुक पोरगा कुठे आहे. त्याने शंभर वेळा विचारलं असेल.

आत्ता पम्याला मेसेज टाकला, सर्वपित्रीला चालेल का. सर्वपित्री अमावस्येला कॉमेडी, आईला कळलं तर घरात घेणार नाही. दोन मिनिटांत निळ्या टिका. जागाच होता साला. "चालेल. पाणी उडवायचं नाही, लक्षात आहे ना." पोराचं मी विचारलं नाही. सर्वपित्रीला तिथे जाऊनच बघीन.

पण चहा न्यायचाय. गाळ्यात पाण्याचा तो वीस लिटरचा जार पडलाय, चीर गेलेला, कंपनी परत घेत नाही. तळ कापला तर डोक्यातून जाईल असं वाटतंय. हवालदार जार घालून ड्युटीवर आलाय, साहेबांचा हुकूम आहे म्हणून. वरच्या तोंडातून नळीने चहा. फुर्रर्र आतल्या आत, बाहेर एक थेंब नाही, आणि काचेवर गाडीचा वायपर फिरवायचा. कान अडकतील बहुतेक. सकाळी करवत घेऊन बघतो.