भंगार, गंज आणि चिंध्या: कच्छच्या कारागिरांच्या दारात

कच्छला निघालेली आपल्याकडची बहुतेक मंडळी पांढरं रण, काळा डुंगर, मांडवीचा किनारा असा बेत आखतात आणि खरेदीसाठी शेवटच्या संध्याकाळी भुजच्या बाजारात तास-दोन तास राखून ठेवतात. आम्ही डिसेंबरात गेलो तेव्हा बेतच फिरवला. रणाला एक संध्याकाळ दिली आणि उरलेला सगळा वेळ भुजच्या आसपासच्या कारागिरांच्या गावांना. त्यातही एक गोष्ट मनाशी धरून हिंडलो: टाकाऊ मालातून इथे काय काय घडतं ते बघायचं. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत 'अपसायकल्ड' अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तू हल्ली पुष्कळ दिसतात. कच्छमध्ये मात्र ही रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. पाऊस बेभरवशाचा, दुष्काळ ओळखीचा, गुरं घेऊन फिरणारी माणसं. अशा मुलखात लोखंडाचा तुकडा काय नि लुगड्याची चिंधी काय, सहजासहजी कुणी फेकत नाही.

मुक्काम भुजमध्येच करावा. मुंबईहून वांद्रे टर्मिनसची कच्छ एक्सप्रेस किंवा दादरची सयाजीनगरी एक्सप्रेस पकडली की सकाळी भुज. हिवाळ्यात रणोत्सवामुळे दोन्ही गाड्या आणि हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा आरक्षण जितकं लवकर तितकं बरं. भुजोडी, कुकमा, अजरखपूर ही गावं भुजच्या पूर्वेला एकाच बाजूला आहेत; दिवसभरासाठी रिक्षा ठरवली तरी भागतं. निरोणा मात्र वायव्येला साधारण चाळीस किलोमीटर आहे, तिथे गाडीच हवी. रणाकडे जाताना वाट वाकडी करून निरोणा करता येतं, पण मग तिथे घाई होते. घाईत बघण्यासारखं ते गाव नाही.

निरोण्यात लोहारांच्या अंगणात शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज येतो. इथे गुरांच्या गळ्यातल्या घंटा बनतात. तांब्याच्या घंटा म्हणून त्या विकल्या जातात, पण आतला देह लोखंडाचा असतो आणि ते लोखंड भंगारातून आणलेलं. जुन्या पत्र्याचा तुकडा कापून, ठोकून त्याचा नळा करतात, वरची घुमटी वेगळी ठोकतात आणि कडा एकमेकींत अडकवून बसवतात. वेल्डिंग नाही, खिळा नाही. मग घंटा मातीच्या पाण्यात बुडवून तिच्यावर तांब्या-पितळेची पूड लावतात, कापूस मळलेल्या ओल्या मातीच्या पोळीत ती गुंडाळतात आणि भट्टीत घालतात. माती फोडली की आतून तांबूस-सोनेरी घंटा निघते. आत लाकडी लोळी टांगली की घंटा पुरी झाली असं आम्हाला वाटलं, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कारागिराने घंटा कानाजवळ धरून वाजवली, खालच्या कडेवर हातोडीचे दोन हलके टोले दिले, पुन्हा वाजवली. पुन्हा एक टोला. आवाजातली खरखर गेली आणि लांब टिकणारा स्वच्छ नाद आला, तेव्हा कुठे त्याने ती बाजूला ठेवली. मालधारी लोक आपापली गुरं या नादावरून ओळखतात. त्यामुळे घंटेचा सूर हा तिच्या उपयोगाचा भाग आहे.

"पहले सुनो, फिर लो," असं तो म्हणाला आणि एकाच मापाच्या घंटा एकामागून एक वाजवून दाखवू लागला. घंटा घ्यायची तर अशीच घ्यावी: रंग आणि चमक न बघता, डोळे मिटून. प्रत्येकीचा आवाज वेगळा असतो. कडा कशा अडकवल्यात ते उलटी करून बघावं. सांध्यावर वेल्डिंगचा डाग दिसला तर ती इथल्या पद्धतीची नव्हे. आजकाल दाराला टांगायच्या माळा जास्त खपतात आणि त्यातल्या लहान घंटा कारागीर भराभर काढतो. पण त्याच्या हाताची खरी ओळख मोठ्या घंटेत होते. जमलं तर एक तरी मोठी घ्या.

त्याच गावात रोगणकाम आहे. एरंडेल दोनेक दिवस उकळून त्याचा चिकट लगदा करतात, त्यात रंग घोटतात आणि धातूच्या बारीक सळईने त्याचा तार ओढत कापडावर नक्षी उतरवतात. सळई कापडाला लागत नाही, फक्त तार टेकतो. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडून दुसऱ्या अर्ध्यावर तिचा ठसा घेतात. ही कला एका खत्री कुटुंबाने तगवून धरली. त्यांतल्या अब्दुल गफूर खत्रींना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. आता इथे बरेच जण प्रात्यक्षिक दाखवतात आणि आनंदाने दाखवतात. काही घ्यायचं नसलं तरी बघायला बसा, पण मागे गर्दी असेल तर जागा सोडा. रोगणच्या कापडावर नक्षीच्या बाजूने इस्त्री फिरवू नये, एवढं घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. लाखेच्या रंगकामाची लाकडी लाटणी आणि चमचेही इथेच मिळतात. ओढदोरीच्या चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग चढतो, आणि कारागीर हाताने त्यात नागमोडी लाटा काढतो.

दुसऱ्या दिशेला अजरखपूर. हे गाव 2001च्या भूकंपानंतर वसलं. त्याआधी अजरख, म्हणजे ठशांनी नैसर्गिक रंगांत छापलेलं नक्षीदार कापड, करणारे खत्री धमडका गावात होते. भूकंपाने तिथल्या पाण्यातलं लोहाचं प्रमाण वाढलं आणि नैसर्गिक रंगांवर त्याचा परिणाम होऊ लागला, म्हणून बरीच कुटुंबं पाणी शोधत इकडे आली. पाण्यातलं लोह नको म्हणून गाव सोडलेली ही माणसं काळा रंग मात्र लोखंडापासूनच करतात. आम्ही गेलो त्या अंगणात एका कोपऱ्यात झाकलेलं पिंप होतं. झाकण उघडलं तसा आंबूस, गोडसर भपका आला. आत गंजलेले खिळे, सळ्या, पट्ट्या असं भंगार, त्यावर गुळाचं पाणी आणि बेसन. काही आठवडे हे मिश्रण आंबतं, वर फेस धरतो, मग पाणी गाळून त्यात चिंचोक्याची पूड शिजवून दाट करतात. तो अजरखचा काळा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं असतं; त्यावर हे लोहाचं पाणी पडलं की बघता बघता काळं होतं. तांबडा भाग तुरटी लावून मंजिष्ठासारख्या रंगात उकळून येतो, निळा नीळीच्या हौदातून, आणि पांढरा राखायचा तिथे चुना आणि डिंक. धुणं, वाळवणं, छापणं, बुडवणं असे चौदा-सोळा टप्पे होऊन कापड हातात येतं.

हे सगळं बघून आल्यावर दुकानातल्या अजरखची किंमत जास्त वाटत नाही. बाजारात स्क्रीनवर छापलेलं 'अजरख' ढिगाने आहे आणि स्वस्तही आहे, त्यामुळे पारख हवी. कापड उलटं करा: रंग मागे किती उतरलाय ते बघा. ठसा जिथे ठशाला भिडतो तिथे केसभर पुढेमागे झालेलं दिसतं, ती हाताची खूण. कुठेही रेषा न चुकता सगळा तागा एकसारखा असेल तर शंका घ्यावी. नवं अजरख पहिल्या काही वेळा गार पाण्यात वेगळं धुवावं आणि सावलीत वाळवावं. पावसाळ्यात अजरखपूरला जाण्यात अर्थ नाही, कारण या कामाला ऊन लागतं. आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी कारखाने बंद असतात, तेव्हा सकाळी जा किंवा उशिरा जा. गावातच एलएलडीसी हे कच्छी भरतकामाचं सुंदर संग्रहालय आहे, 'श्रुजन' संस्थेने उभारलेलं. ते कुठलीही भरतकाम केलेली वस्तू विकत घेण्याआधी बघावं. सूफ, खारेक, पक्को, रबारी, मुतवा या भरतकामाच्या शैलींतला फरक तिथे एकदा डोळ्यांना कळला की बाजारात कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

भुजोडी तुलनेने सोपं. भुजपासून आठेक किलोमीटरवर, घराघरात खड्ड्याचे माग. पूर्वी रबारी लोक लोकर आणून द्यायचे आणि वणकर ती विणून द्यायचे. आता ॲक्रिलिकच्या धाग्याच्या शालीही इथे सर्रास विणल्या जातात. त्या वाईट नाहीत, पण लोकरीच्या भावाने घेऊ नका. धागा कुठला, असं सरळ विचारलं तर विणकर सरळ सांगतो, हा आमचा अनुभव. काला कॉटनची वस्त्रं मिळाली तर जरूर घ्या. पावसाच्या पाण्यावर वाढणारा हा देशी कापूस आहे, पोत थोडा खरबरीत आणि वापरून मऊ होणारा.

कुकम्याच्या रस्त्यावर 'खमीर' आहे. भूकंपानंतर कच्छच्या कारागिरीला हात देण्यासाठी 2005 मध्ये सुरू झालेली ही संस्था. इथे मला जे सगळ्यात बघायचं होतं ते सापडलं: प्लॅस्टिकचं विणकाम. टाकलेल्या पिशव्या गोळा करायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, रंगांनुसार वेगळ्या करायच्या आणि कात्रीने लांबलचक पट्ट्या कापायच्या. मागावर बाई बसल्या होत्या. उभा धागा सुताचा, आणि आडव्या धाग्याच्या जागी ही पट्टी. हाताने सारून फणीचा ठोका दिला की पट्टी चुरगळून दबते आणि तिची दोरीसारखी जाड ओळ होते. मी चटईला नाक लावून बघितलं तेव्हा निळ्या पट्ट्यात कुठल्याशा पिशवीवरची अक्षरं अर्धीमुर्धी दिसली. दोन हात लांबून तोच पट्टा नुसता निळा. रंग एकही दिलेला नाही, सगळे पिशव्यांचेच. पांढरा आणि काळा मुबलक, चांगला लाल क्वचित, असं त्या बाई म्हणाल्या. म्हणून लाल पट्टा चटईत कसा जपून वापरलाय ते बघा.

पिशवी घेताना शिवण आणि बंद तपासा, कारण विणलेला भाग सहसा दगा देत नाही. ओल्या फडक्याने पुसली की झालं. उन्हात मात्र वर्षभर टांगून ठेवू नये.

भुजच्या बाजारात जुन्या भरतकामाचे तुकडे जोडून केलेल्या पिशव्या, उशांचे अभ्रे, भिंतीवर लावायचे तक्ते खूप दिसतात. दिसायला देखणे असतात. पण मला ते घ्यावेसे वाटेनात. कुणीतरी लग्नासाठी वर्षानुवर्षं भरलेली चोळी किंवा घागरा कापून पाकिटाची झडप करणं, हा काही टाकाऊतून टिकाऊ नव्हे. चांगली, अखंड वस्तू मोडून तुकड्यांनी विकणं झालं. याउलट धडकी बघा. जुने कपडे थरावर थर रचून बायका जी गोधडी शिवतात ती. आपल्याकडच्या वाकळीची ती सख्खी बहीण म्हणावी. वापरून विरलेलं कापडच तिच्यात जातं, आणि टाके इतके जवळ की ती फाटता फाटत नाही. विक्रेत्याला विचारा: तुकडा कशाचा, फाटलेला होता की कापला? उत्तर टाळलं तर पुढे चला.

भावाबद्दल थोडं. कारागिराच्या घरी घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-चार वस्तू घेतल्या तर तो आपणहून कमी करतो. बाजारातल्या दुकानदाराशी करायची तर करा. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, तरी निरोण्यात रेंज दगा देते, म्हणून रोकड जवळ असू द्या. हिंदीने काम भागतं. फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः भरतकाम करणाऱ्या बायकांना, आणि नव्या नक्षीचे जवळून फोटो घेऊ नका. त्याच फोटोंवरून दुसरीकडे नकला छापल्या जातात.

जड माल कुरियरने पाठवायची सोय भुजोडीत आणि खमीरला झाली. मापाची शाल किंवा चटई सांगून करून घेता येते, पण विणकराने महिना सांगितला तर दोन धरा, आणि लग्नाच्या तारखेवर अवलंबून असलेलं काम हिवाळ्याच्या गर्दीत देऊ नका. घंटा हातसामानात आणणार असाल तर प्रत्येकीच्या आत कागदाचा बोळा कोंबून लोळी गच्च करा, नाहीतर रेल्वेच्या डब्यात रात्रभर कुणाला झोप लागायची नाही.