इंजिन बसले, पाणी बसेना

कॅलिफोर्नियात आमच्याकडे १९८७ ची फोक्सवॅगन व्हॅनागन कॅम्पर आहे. तिच्या मूळच्या २.१ लिटर, ९५ अश्वशक्तीच्या इंजिनातून गेल्या वर्षी पाणी गळू लागले. दोष माझाच, कारण इंजिन गार ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, वेळच्या वेळी बदलायचे असते हे मी चार वर्षे सोयीस्करपणे विसरलो होतो. तेच इंजिन पुन्हा बांधून घेण्याऐवजी १९९२ च्या सुबारू लेगसीतले २.२ लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन बसवायचे ठरवले. दोन्ही इंजिनांत चार सिलिंडर समोरासमोर आडवे असल्यामुळे मागच्या गादीखालच्या बुटक्या जागेत सुबारूचे इंजिन मावते आणि मूळ गिअरबॉक्सला ते जोडणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट तयार मिळते. फक्त इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, म्हणजे ऑइल पॅन, खाली फार लोंबते, म्हणून उथळ पॅन घ्यावे लागले.

इंजिन चढवून बोल्ट आवळायला दोघांना एक शनिवार-रविवार पुरला. पाण्याने मात्र दोन महिने खाल्ले. व्हॅनचा रेडिएटर अगदी नाकाशी आणि इंजिन शेपटीला. लेगसीत पाण्याच्या पंपाचे तोंड रेडिएटरच्या बाजूला असते. इथे ते मागच्या बंपरकडे होते, त्यामुळे गार पाण्याची नळी इंजिनाला वळसा घालून न्यावी लागते. शिवाय या इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापले की उघडणारी झडप, पंपाच्या तोंडाशी, म्हणजे गार बाजूला असतो, आणि इंजिनातले थोडे गरम पाणी सतत त्याच्यापर्यंत पोहोचले तरच तो वेळेवर उघडतो. ते पाणी आणणारी बारीक नळी मी बिनकामाची समजून बंद केली होती. तापमानाचा काटा चढायचा, अचानक पडायचा, पुन्हा चढायचा. आत हवा राहिली असेल म्हणून व्हॅनचे नाक जॅकवर उचलून तीनदा हवा काढली, तेव्हा कुठे चूक उमगली.

वायरिंगमध्ये एकच अडचण आली: सुबारूच्या संगणकाला वेगाचा सिग्नल लागतो, तो दिला नाही तर डॅशबोर्डवरचा इंजिनातल्या बिघाडाचा दिवा पेटतो.

कागदपत्रांचे आधीच पाहून ठेवले होते. इथे बदललेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते, धूर-नियंत्रणाची त्याची सगळी साधने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट जागेवर लागतात, आणि तपासणी धूर तपासणाऱ्या नेहमीच्या स्मॉग केंद्रात न होता राज्याच्या रेफरीकडे, म्हणजे अशा वेगळ्या गाड्या तपासणाऱ्या केंद्रात, होते. गिअरबॉक्स जुनाच, ९५ अश्वशक्तीला बेतलेला आहे, म्हणून लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या ग्रेपव्हाइन घाटाच्या चढावर गाडी आता जोरात ओढत असली तरी अ‍ॅक्सिलरेटर मी जपूनच दाबतो.