टुक्, पण कुठून?

दुपारी लाइट जाते, पंखा थांबतो आणि मग ऐकू येतं: टुक्, टुक्, टुक्. तांबट पक्षी. हिवाळाभर हा जवळजवळ गप्पच. फेब्रुवारीत ऊन तापलं की तोंड उघडतो म्हणावं, तर ओरडताना चोच मिटलेलीच असते! प्रत्येक टुक्‌ला फुगते ती गळ्याची कातडी.

आवाज ओळखायला पक्षीतज्ज्ञ नको. सेकंदाला साधारण दोन ठोके, सगळे एकाच पट्टीत, ना चढ ना उतार. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या हंड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीची ठोकाठोक, चाललेली ज्यांनी ऐकलीय, त्यांना आणखी काय सांगायचं? फसगत होते ती कुटुर्ग्याशी, तांबटाच्याच कुळातल्या पक्ष्याशी. तो आधी 'कुर्र' करून घसा साफ करतो आणि मग कुटुर्-कुटुर् लावून धरतो. रातवा हा निशाचर पक्षीही ठोकेच देतो, पण त्याचे ठोके शेवटी धावत सुटतात, आणि तेही दिवेलागणीनंतर. तांबटाचं दुकान तोवर बंद झालेलं असतं.

खरा छळ पुढे. चिमणीएवढा, पानांच्याच रंगाचा जीव, आणि ओरडताना मान एकदा इकडे, एकदा तिकडे. त्यामुळे आवाज घटकेत जवळ, घटकेत लांब. कधी वाटतं, दोन आहेत. झाडाखाली उभं राहून वर बघणाऱ्याची मान तेवढी अवघडते. तीस-चाळीस पावलं मागे यावं, ऊन पाठीशी घ्यावं, कानांमागे तळवे धरावेत. आवाज ज्या फांदीकडून येतोय ती लक्षात ठेवायची, मग वीसेक पावलं बाजूला सरकून पुन्हा ऐकायचं. दोन्ही दिशा जिथे छेदतात, तिथला शेंडा बघायचा. पानांत नाही, वरच्या वाळक्या, उघड्या काटकीवर. दुर्बीण सगळ्यात शेवटी. आधीच डोळ्याला लावली तर नुसता पिंपळ दिसतो.

एवढं करूनही दुपारच्या उजेडात बहुधा काळा ठिपकाच हाती लागतो. कपाळाचा नि छातीचा लाल रंग, पिवळा गळा बघायचा तर सकाळी यावं, कोवळ्या उन्हात तो शेंड्यावर शेकत बसतो तेव्हा. उठवत नसेल तर वहीत 'तांबट' लिहावं आणि पुढे कंसात 'ऐकला'. नोंद तीही चालते.