‘परवा’ला गुण नाहीत: बातमी-स्पर्धेची चौथी फेरी

बेळगाव भागातल्या मराठी बातमीदारांच्या या सराव-स्पर्धेत चौथ्या फेरीचा कच्चा माल सगळ्यांना सारखाच होता: वीज बंद राहण्याबद्दलचं एक कन्नड पत्रक, पाणीटंचाईवर बोलणाऱ्या दोघांचं पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणि एक फोटो. मर्यादा १५० शब्द, वेळ ४० मिनिटं. गुण वीस: पहिलं वाक्य ५, नावं-पदं-ठिकाण ५, आकडे आणि वेळ ५, भाषा ३, मथळा २. भाषेचे गुण मुद्दाम कमी ठेवलेत. पहिल्या फेरीत ते जास्त होते, तेव्हा ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ आणि ‘मोठ्या उत्साहात’ यांचा पूर आला होता.

पहिलं वाक्य आता बरंच सुधारलंय. आधी पत्रक जसंच्या तसं उतरायचं: ‘तातडीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने ग्राहकांनी सहकार्य करावे, असे आवाहन हेस्कॉमतर्फे करण्यात आले आहे.’ (हेस्कॉम म्हणजे इथली वीज कंपनी.) यात वीज कुठे जाणार आणि कधी जाणार, हेच नाही. आता ‘अनगोळ, वडगावच्या काही भागांत रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ वीज नसेल’ अशी सुरुवात दिसू लागली; त्यात तारीख तेवढी हवी. (दोन्ही वाक्यं सरावाची आहेत; मेणबत्त्या काढू नका.)

घसरगुंडी झाली ती कन्नडमधून मराठीत येताना. सगळ्यात महाग पडला ‘परवा’. कन्नडमध्ये होऊन गेलेला परवा ‘मोन्ने’ आणि येणारा परवा ‘नाडिद्दू’. मराठीत दोघांना एकच शब्द. वाक्य अर्धवट राहिलं की वाचकाला दिशाच कळत नाही, आणि ऑनलाइन बातमी तर चार दिवसांनीही कुणीतरी पुढे पाठवतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहायची. नुसतं ‘आज’सुद्धा चालणार नाही.

दुसरा घोटाळा ‘वरे’चा. ‘एरडूवरे’ म्हणजे अडीच, ‘ओंदूवरे’ म्हणजे दीड. ध्वनिमुद्रणात शेपूट गिळलं गेलं की अडीच तासांचे दोन तास होतात. शंका आली तर तो तुकडा निम्म्या वेगाने ऐका. पत्रकात कन्नड अंक असतील तर आणखी जपून: कन्नड एक हा तोंड उघडं राहिलेल्या शून्यासारखा दिसतो आणि आपला डोळा त्याला शून्यच वाचतो.

ओळखीचे वाटणारे शब्द तर हमखास दगा देतात. कन्नड ‘अनुमानास्पद’ म्हणजे आपलं संशयास्पद. ‘अवकाश’ म्हणजे संधी, ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान. ‘महाविद्यालयात उपन्यास झाला’ हे वाक्य याही वेळी आलंच.

पदांच्या बाबतीत महाराष्ट्रातली वृत्तपत्रं वाचायची सवय नडते. आपल्याकडे कर्नाटकात ग्रामपंचायतीला सरपंच नाही, अध्यक्ष असतो. ग्रामसेवकाच्या (तिकडे आता ग्रामपंचायत अधिकारी) जागी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी; तालुका पंचायतीत गटविकास अधिकाऱ्याऐवजी कार्यकारी अधिकारी. बेळगाव शहराला पोलीस आयुक्त, पण खानापूर जिल्हा पोलीस प्रमुखांच्या अखत्यारीत. आणि नुसतं ‘खानापूर’ लिहू नका. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, तिकडचा वाचक दचकतो. ‘खानापूर (जि. बेळगाव)’ एवढं पुरे. पत्रकातलं ‘सवदत्ती’ मराठीत सौंदत्ती.

अवतरणांबद्दल परीक्षकांत एकमत नव्हतं. ध्वनिमुद्रणातल्या बाई म्हणाल्या, ‘आठ दिस झालं, नळाला पाणी न्हाई की.’ काहींनी त्याचं ‘गेल्या आठ दिवसांपासून पाणीपुरवठा खंडित असल्याची व्यथा त्यांनी मांडली’ असं करून टाकलं. आमच्या मते बाईंचं वाक्य तसंच ठेवावं, मात्र बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात तो ‘की’ नको. शिवाय ‘आठ दिस’ हे बोलण्यातलं माप आहे, नेमका आकडा नव्हे. शेवटचं पाणी कोणत्या वारी आलं, ते विचारून घ्यायचं. ध्वनिमुद्रणात तो वार होता. चौथ्या मिनिटाला. तिथपर्यंत फार थोडे पोहोचले.

मथळा सात शब्दांत, क्रियापदासह. ‘नागरिकांतून संताप’ला शून्य.

पाचव्या फेरीचा माल नदीचा: चिकोडी भागातला कृष्णा-दूधगंगेचा पावसाळी तक्ता. त्याआधी एवढं घोटून घ्या. क्युसेक हा पाणी वाहण्याचा दर, टीएमसी हा साठा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी २४ तास वाहिलं की १ टीएमसी होतं, म्हणजे १ लाख क्युसेकने दिवसाला ८.६४ टीएमसी. ‘धरणातून १० टीएमसीचा विसर्ग सुरू’ असं लिहिलं की आकड्यांचे पाचही गुण गेले. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यातला विसर्ग आणि दूधगंगेचं पाणी मिळून चिकोडी तालुक्यातल्या कल्लोळजवळचा कृष्णेचा आकडा होतो. कल्लोळच्या आकड्यात दूधगंगा पुन्हा मिळवू नका.