वॉल्टर टल : टॉटनहॅमपासून पश्चिम आघाडीपर्यंत

फुटबॉलपटू वॉल्टर टलचा जन्म १८८८ साली इंग्लंडमधील फोकस्टोन येथे झाला. वडील कॅरिबियन बेटांतील बार्बाडोसहून आलेले कृष्णवर्णीय सुतार, आई केंटची. दोघेही लवकर वारल्याने तो लंडनच्या अनाथाश्रमात वाढला. १९०९ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबने त्याला करारबद्ध केले, पण त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांतील एका गटाने वर्णावरून त्याला अर्वाच्य शिवीगाळ केली. एका वार्ताहराने त्याच्या संयमी खेळाची मनापासून स्तुती केली खरी, तरी पुढे पहिल्या संघात त्याला फारशी संधी मिळाली नाही. क्लबने असे का केले असावे, याचे उत्तर मला तरी केवळ खेळात सापडत नाही.

१९११ मध्ये नॉर्थॅम्प्टन क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला आपल्या संघात नेले आणि तिथे शंभराहून अधिक सामने खेळून तो खऱ्या अर्थाने स्थिरावला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला, फ्रान्समधील सोमच्या लढाईत उतरला आणि १९१७ मध्ये, कृष्णवर्णीयांना अधिकारपद नाकारणारे लष्करी नियम असतानाही, सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीच्या आघाडीवरील धैर्याबद्दल वरिष्ठांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये तो मारला गेला.